आल्प्सच्या दोन खोऱ्यांतले दोन चाकू

भवानी तलवार साताऱ्यास आहे कीं समुद्रापलीकडे गेली, ह्या प्रश्नावर महाराष्ट्रांत जेवढी शाई खर्च झाली तेवढी दुसऱ्या कोणत्याहि हत्यारावर झाली नसेल. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु ज्या कारकुनांनीं त्या काळचीं पत्रें आणि करारमदार लिहून ठेवले, त्यांच्या बोरूचीं टोंकें ज्या लहानशा पात्यानें छाटलीं जात, त्याचा इतिहास लिहावा असें कोणास वाटलें नाहीं. तलवार म्यानांतून वर्षांत एखाददुसरे वेळीं निघे. तें पातें दिवसांतून दहा वेळां उघडे आणि दहा वेळां मिटे. रोजच्या उपयोगाच्या वस्तूंकडे इतिहासकाराचें लक्ष सहसा जात नाहीं, आणि गेलेंच तर ती वस्तु मोडून पुराणवस्तु-संग्रहालयांत जाऊन पडल्यावर जातें.

नुसत्या शब्दांकडे पाहिलें तरी ह्या वस्तूची कुळकथा थोडीबहुत हातीं लागते. सुरी हा शब्द संस्कृतांतून आपल्या घरांत आलेला; चाकू हा फार्सीच्या वाटेनें आलेला पाहुणा. त्याचें मूळ तुर्कीकडे जातें, आणि तुर्कींत आजहि ‘चाकी’ म्हणजे मिटून खिशांत ठेवावयाचा चाकू. म्हणजे मिटणें हें ह्या वस्तूच्या जुन्या नांवांतच आहे. लेखणी तासण्याच्या चाकूस ‘कलमतराश’ असें भारदस्त फार्सी नांव होतें. इंग्रजींतील ‘पेन-नाइफ’ हा शब्दहि पिसाची लेखणी तासण्याच्या कामावरूनच पडला. घरांतील बाकीचें सारें चिरणें-कापणें विळीकडे, म्हणजे बायकांकडे, असल्यामुळें आपल्या पुरुषांच्या वांट्यास कापण्याचें काम आलें तें एवढेंच: आधीं बोरू, मग शिसपेन्सिल, उन्हाळ्यांत आंबा, आणि बारा महिने पार्सलाची सुतळी.

बोरू गेला; बाकीचीं कामें उरलीं आहेत. त्यांच्यासाठीं रोज खिशांत बाळगण्याजोगा चांगला मिटता चाकू घ्यावयाचा झाला, तर पुष्कळ चौकशी केल्यावर माणूस बहुधा दोन नांवांपाशीं येऊन थांबतो. एक स्वित्झर्लंडचा ‘व्हिक्टोरिनॉक्स’. लाल मुठीचा, तीवर पांढरा क्रूस असलेला, पोटांत अनेक हत्यारें घेऊन बसलेला. दुसरा फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतांतला ‘ओपिनेल’. लांकडी मुठीचा आणि एकाच पात्याचा. दोहोंतला कोणता घ्यावा, हा प्रश्न दुकानदारास विचारण्यासारखा दिसतो खरा. पण मला तो इतिहासाचा वाटतो. कारण ह्या दोन चाकूंविषयीं लोकांच्या मनांत जें चित्र असतें तें जवळजवळ उलटें आहे. लांकडी मुठीचा चाकू म्हणजे जुन्या हस्तव्यवसायाचा अवशेष, आणि लाल चाकू म्हणजे यंत्रयुगाची निर्मिति, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि आपली सहानुभूति ग्रामोद्योगाकडे आहे कीं कारखान्याकडे, एवढ्यावरच पुष्कळ जण निवड करून मोकळे होतात. दोहोंच्या जन्मकथा जवळून पाहिल्या म्हणजे निवड इतकी सोपी राहात नाहीं.

मिटता चाकू ही अर्वाचीन युक्ति नव्हे. ऑस्ट्रियांतील हालश्टाट येथें इसवी सनापूर्वीं सहाव्या-पांचव्या शतकांच्या सुमाराचा, हाडाच्या मुठीचा, मिटता चाकू सांपडलेला आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयांत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील एक रोमन चांदीचें उपकरण ठेवलें आहे. त्याच्या एका मुठींत लोखंडी पातें, चमचा, कांटा, अणकुचीदार सळई अशीं हत्यारें मिटून बसतात. एकच पातें बाळगून निघणारा प्रवासी आणि सारा संसार खिशांत घेऊन निघणारा प्रवासी, हे दोन्ही स्वभाव तेव्हांहि होते असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें ह्या धंद्याचें मोठें पीठ झालें तें इंग्लंडांतील शेफील्ड. चौदाव्या शतकांत चॉसरनें आपल्या एका कथेंतील गिरणीवाल्याच्या पायमोज्यांत शेफील्डचा चाकू खोंवून ठेवला आहे, ह्यावरून त्या गांवाची कीर्ति किती जुनी आहे तें दिसेल. मिटत्या चाकूच्या पाठींत पोलादी पट्टीची स्प्रिंग बसविण्याची पद्धति सतराव्या शतकापासून तेथें रूढ झाली. ही पट्टी पात्याच्या बुडाशीं दाब देत राहाते. त्यामुळें उघडलेलें पातें उघडें राहातें आणि मिटलेलें मिटून राहातें, व ह्या दोन अवस्थांच्या मध्यें तें फार वेळ रेंगाळत नाहीं. चाकू मिटतांना जो ‘टक्’ असा समाधानकारक आवाज होतो तो ह्या पट्टीचा. पट्टी आली, तिच्या मागोमाग पात्यांची संख्या वाढली, आणि कारागिराच्या हौसेस सीमा राहिली नाहीं. जोसेफ रॉजर्स ह्या शेफील्डच्या पेढीनें १८२२ सालीं एक चाकू केला, त्यास १८२२ पातीं होतीं. आणि पुढें वर्षें सरत गेलीं तशी त्यांत नव्या पात्यांची भर पडत गेली. त्यानें कोणी पेन्सिल केली असेल असें वाटत नाहीं. १८५१ च्या ‘मोबी डिक’ ह्या कादंबरींत हर्मन मेल्व्हिल जहाजावरच्या सुताराचें वर्णन करतांना शेफील्डच्या अशाच बहुहत्यारी चाकूची उपमा देतो. सांगाल तें काम हा सुतार करतो, पण तें करतांना त्याची बुद्धि चालत असेल असें नाहीं, असा त्या उपमेंतला चिमटा आहे. बहुहत्यारी चाकूवरची इतकी मार्मिक टीका मीं दुसरीकडे पाहिली नाहीं.

आतां शेफील्ड सोडून आल्प्सकडे वळूं. १८६० सालीं सॅव्हॉय प्रांत सार्डिनियाच्या राज्यांतून फ्रान्सकडे गेला. त्याच सालीं स्वित्झर्लंडमध्यें कार्ल एल्सेनेर जन्मला. वडिलांचें त्सुग येथें टोप्यांचें दुकान होतें. कार्लनें तो धंदा न धरतां चाकूंचा धरला, आणि जर्मनींतील टुटलिंगेन येथें व पॅरिसमध्यें राहून तो शिकला. १८८४ मध्यें श्वीत्स परगण्यांतील ईबाख गांवीं टोबेलबाख नांवाच्या ओढ्याच्या कांठीं त्यानें आपला कारखाना घातला. धार लावण्याचीं आणि झिलई देण्याचीं यंत्रें ओढ्याच्या पाण्यानें फिरणाऱ्या चाकावर चालत.

आज स्वित्झर्लंड म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बँका आणि घड्याळें येतात. एकोणिसाव्या शतकांतील श्वीत्सचें चित्र निराळें होतें. डोंगराळ जमीन, थोडीं गुरें, लांब हिंवाळा. आधींच्या शतकांत ह्या खोऱ्यांतले जवान परक्या राजांच्या पलटणींत पगारानें लढत. तो मार्ग बंद झाला तेव्हां माणसें अमेरिकेची वाट धरूं लागलीं. पलीकडे सॅव्हॉयांतहि तीच रड. तेथलीं लहान पोरें हिंवाळ्यांत पॅरिसला जाऊन धुराडीं झाडीत. ‘सॅव्हॉयचा पोऱ्या’ म्हणजे धुराडें झाडणारा, असें समीकरणच होऊन बसलें होतें. कोंकणांतील वाचकांस हें दुखणें समजावून सांगावयास नको. ज्या घराची चूल मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत असे, त्या घराची ही हकीकत आहे. एल्सेनेरच्या डोक्यांत चाकूपेक्षांहि हाच विचार अधिक होता: आपल्या परगण्यांतल्या माणसांस परगण्यांतच काम कसें मिळेल?

ती संधि एका बंदुकीनें आणून दिली. १८८९ सालीं स्विस सैन्यानें श्मिट-रुबिन ही नवी बंदूक घेतली. ती उघडून साफ करावयाची तर स्क्रू-ड्रायव्हर हवा. शिपायाच्या शिध्यांत पत्र्याचे बंद डबे येऊं लागले होते. ते फोडावयास हत्यार हवें. चामड्यास भोंक पाडावयास आरी हवी, आणि पाव कापावयास पातें हवेंच. हीं चार हत्यारें काळ्या रंगाच्या लांकडी मुठींत बसवून प्रत्येक शिपायास एकेक चाकू द्यावयाचें ठरलें. ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून पुढें जगांत गाजलेल्या वंशाचा हा मूळपुरुष. गंमतीची गोष्ट अशी कीं, तो स्विस नव्हता. एवढे चाकू एकदम करण्याची शक्ति देशांत कोणाचीच नव्हती, म्हणून पहिले १५,००० चाकू जर्मनींतील झोलिंगेन येथील वेस्टर आणि कंपनीनें करून दिले.

एल्सेनेरला हें लागलें. त्यानें देशांतल्या चाकू करणाऱ्या कारागिरांचा एक संघ जमविला, आणि १८९१ च्या ऑक्टोबरांत संघाच्या वतीनें सैन्यास पहिले चाकू दिले. इतका भाग देशभक्तीच्या क्रमिक पुस्तकांत शोभण्यासारखा आहे. पण पुढचा भाग त्या पुस्तकांत बहुधा गाळतात. झोलिंगेनचे कारखाने यंत्रांवर माल काढीत. त्यांचा चाकू ह्या हातकाम करणाऱ्या संघाच्या चाकूपेक्षां स्वस्त पडे. संघांतले एकेक जण मागें सरले. एल्सेनेर एकटा उरला आणि कर्जांत बुडाला. नातेवाईकांनीं हात दिला नसता तर ईबाखचा कारखाना तेव्हांच बंद पडता. म्हणजे ज्याला आपण यंत्रयुगाचें अपत्य समजतों तो चाकू मुळांत यंत्राकडून हरलेल्या हातकामाचा होता! स्वदेशीच्या चळवळींत आपल्याकडे ज्यांनीं कापडाच्या किंमती पाहिल्या आहेत, त्यांच्या वंशजांस ह्यांत नवीन कांहीं वाटूं नये. एल्सेनेर त्यांतून सावरला तो हातकाम सोडून नव्हे, आणि नुसतें धरून बसूनहि नव्हे. त्यानें चाकूच्या रचनेंतच एक नवी गोष्ट शोधली.

शिपायाचा चाकू दणकट पण जड होता. अधिकाऱ्यांसाठीं त्यानें एक हलका, देखणा चाकू योजला, आणि त्याची नोंदणी १८९७ च्या जून महिन्याच्या १२ तारखेस झाली. ह्यांत पूर्वींच्या चार हत्यारांखेरीज एक लहान पातें आणि बूच काढण्याचा मळसूत्री कांटा होता. खुबी संख्येंत नव्हती. खुबी पट्टींत होती. शेफील्डची पट्टी एका बाजूच्या पात्यांस दाब देई. एल्सेनेरनें तीच पट्टी दोन्ही अंगांनीं राबविली, एका अंगास पातीं आणि पाठीच्या अंगास आरी व कांटा. त्यामुळें सहा हत्यारांस दोन पट्ट्या पुरल्या आणि चाकू फुगला नाहीं. मजा अशी कीं, सैन्यानें हा ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ सरकारी सामानांत कधींच घेतला नाहीं. अधिकारी तो पदरच्या पैशानें विकत घेत. बूच काढण्याचा कांटा साध्या शिपायाच्या चाकूंत तेव्हांहि नव्हता आणि नंतरहि आला नाहीं. स्विस लोकशाहीलाहि कांहीं मर्यादा आहेत.

आतां पलीकडच्या खोऱ्यांत जाऊं. सॅव्हॉयमधील मोरियेन खोऱ्यांत, आल्बिये-ल-व्यू ह्या गांवानजीक झेव्हुदा नांवाची वाडी आहे. तेथें ओपिनेल घराण्याची लोहाराची भट्टी होती. आजोबा आधीं फेरीवाला, मग खिळे करणारा. बाप दानियेल कुऱ्हाडी आणि कोयते करी. ह्या दानियेलचा मुलगा जोसेफ १८७२ चा. १८९० मध्यें, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यानें मित्रांसाठीं कांहीं मिटते चाकू केले. बापास हें पसंत नव्हतें. कुऱ्हाड हें घराण्याचें काम. चाकू म्हणजे पोरखेळ. आणि पोरगाहि थोडा तसाच होता. त्यानें स्वतः कॅमेरा तयार केला होता आणि आसपासच्या गांवांतल्या लग्नांचे फोटो तो काढी. यंत्र दिसलें कीं तें कसें चालतें हें पाहिल्यावांचून त्याला चैन पडत नसे.

त्याचा चाकू म्हणजे चार वस्तु. लांकडाची गोल मूठ, तिच्यांत करवतीनें पाडलेली एक खांच, त्या खांचेंत बसणारें पातें, आणि मुठीच्या तोंडाशीं काठीला असते तशी एक पोलादी शेंबी, जिच्या आधारानें खिळा पात्यास धरून ठेवतो. स्प्रिंग नाहीं. पातें उघडें राहातें तें केवळ लांकडाच्या आणि खिळ्याच्या आवळण्यानें. ह्याहून कमी वस्तूंत मिटता चाकू होणें कठीण. परंतु हा साधेपणा जुन्या लोहाराचा नव्हे. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत असे स्वस्त लांकडी चाकू पूर्वींपासून होते. जोसेफनें केलें तें हें कीं, लांकूड फुकट न घालवितां भराभर मुठी कापणारें यंत्र त्यानें स्वतः योजलें आणि प्रत्येक चाकू दुसऱ्यासारखा निघेल अशी व्यवस्था केली. १८९७ मध्यें त्यानें एक ते बारा अशा क्रमांकांचीं बारा मापें ठरविलीं. सर्वांत लहान चाकू घड्याळाच्या साखळीस अडकविण्याजोगा, सर्वांत मोठ्याचें पातें बारा सेंटिमीटरांचें. तेव्हां आपण ज्याला हस्तव्यवसायाचा अवशेष म्हणून जवळ करतों तो चाकू यंत्रवेड्या तरुणाचा, आणि आरंभापासून यंत्रासाठींच कल्पिलेला होता. हे चाकू फेरीवाल्यांनीं आणि जत्रांनीं पसरविले, आणि त्याहून अधिक रेल्वेच्या नोकरांनीं. गाडीबरोबर चाकूहि गांवोगांव गेला.

दोन्ही कारखान्यांच्या तारखा एकापुढें एक मांडल्या म्हणजे नवल वाटतें. १८९० आणि १८९१ जन्माचे. १८९७ दोघांनाहि रूप आलें त्याचें. आणि १९०९ मध्यें दोघांनींहि आपापली खूण घेतली. जोसेफनें पात्यावर मुकुट घातलेला हात उमटविला: हात त्या खोऱ्यांतील सेंट जॉन गांवच्या मानचिन्हांतला, जेथें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बोटांचे अवशेष असल्याची श्रद्धा आहे, आणि मुकुट सॅव्हॉयच्या जुन्या ड्यूकांचा. एल्सेनेरची आई त्याच सालीं वारली. त्यानें मालास तिचें नांव दिलें, ‘व्हिक्टोरिया’, आणि मुठीवर देशाचा क्रूस घातला. एकानें जो प्रांत राज्य म्हणून राहिला नाहीं त्याचा मुकुट घेतला, दुसऱ्यानें आई आणि देश. ह्या योगायोगांवर मी कोणताहि सिद्धांत उभारणार नाहीं. पण जवळजवळ एकाच वेळीं, एकाच पर्वताच्या कुशींत, एकाच दारिद्र्यावर दोन उतारे निघाले एवढें दिसतें.

उतारे मात्र उलटे. ईबाखच्या चाकूची यादी सैन्याच्या कचेरींत तयार झाली. शिपायावर काय काय प्रसंग येतील ह्याचा विचार दुसऱ्या कोणी, टेबलाशीं बसून, करून ठेवला होता. आणि प्रसंगांची यादी एकदां सुरू झाली म्हणजे ती संपत नाहीं. कात्री, कानस, करवत, दांतकोरणें, चिमटा अशी भर पडत गेली. ह्या वंशाची दुसरी शाखा देलेमोनची वेंगर कंपनी. स्विस सरकारनें जर्मन आणि फ्रेंच भाषिक प्रांतांत भांडण नको म्हणून १९०८ पासून सैन्याची मागणी दोघांत निम्मी-निम्मी वांटली होती. ह्या वेंगरनें २००७ च्या सुमारास ८७ हत्यारांचा एक चाकू विकावयास काढला. तो खिशांत तर नाहींच, हातांतहि मावत नाहीं. शेफील्डचा १८२२ चा वेडेपणा असा पुन्हां अवतरला. उलट झेव्हुदाच्या चाकूची यादी कोणीच केली नव्हती. सॅव्हॉयच्या शेतकऱ्यास चाकूचें काम काय तें त्यालाच ठाऊक होतें: पाव, पनीर, द्राक्षाची फांदी, काठीचें टोंक. एका पात्यानें हीं सर्व होतात, मात्र करणाऱ्याच्या हातास तीं आलीं पाहिजेत. पहिला चाकू हत्यार पुरवितो. दुसरा हात तयार आहे असें धरून चालतो.

नंतरच्या शतकांत दोघांनाहि थोडेंफार नमावें लागलें. १९१३ मध्यें शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनें क्रोमियम घातलेलें न गंजणारें पोलाद काढलें. १९२१ पासून ईबाखनें तें वापरलें आणि ‘व्हिक्टोरिया’स गंजहीन पोलादाचा ‘इनॉक्स’ हा फ्रेंच शब्द जोडून आजचें नांव घेतलें. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत असलेल्या अमेरिकन शिपायांनीं हे चाकू ढिगांनीं घरीं नेले. जर्मन नांव जिभेस वळेना म्हणून त्यांनींच त्यास ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हटलें. ओपिनेलच्या घरींहि एक पांचवी वस्तु आली. स्प्रिंग नसलेलें पातें जोर देतांना बोटांवर मिटूं शकतें. म्हणून १९५५ मध्यें मार्सेल ओपिनेलनें शेंबीवर फिरणारें एक कडें बसविलें. तें बोटानें किंचित् फिरविलें कीं पातें उघडें अडकून राहातें. माझ्या मतें गेल्या शंभर वर्षांत कोणत्याहि खिशांतल्या चाकूंत ह्याहून शहाणी भर पडलेली नाहीं. कारण ह्या भरीनें नवें काम वाढविलें नाहीं, जुनेंच काम निर्धास्त केलें. फ्रेंच भाषेंतहि तो चाकू मुरला; १९८९ पासून ‘लारूस’ कोशांत ‘ओपिनेल’ हा शब्द सामान्यनाम म्हणून आला आहे.

आणि ईबाखवर संकट आलें तें गंजाचें नव्हे. २००१ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कवर विमानांनीं झालेल्या हल्ल्यानंतर जगभरच्या विमानतळांवर चाकू नेण्याची बंदी कडक झाली आणि तेथल्या दुकानांतला मोठा खप एकाएकीं बुडाला. कंपनीनें त्यावेळीं कामगार कमी केले नाहींत. कांहींना तात्पुरते दुसऱ्या कारखान्यांत उसने दिले. कार्ल एल्सेनेर १९१८ मध्येंच वारला होता, पण ओढ्याकांठचा त्याचा मूळ हेतु ह्या वागणुकींत मला दिसतो. माझ्या लेखीं त्या लाल चाकूची खरी थोरवी ही आहे. हत्यारांची संख्या नव्हे. २००५ मध्यें वेंगर बुडूं लागली तेव्हां तिलाहि ईबाखनेंच पोटांत घेतलें. पुढें २०२४ मध्यें कंपनीकडून अशी वार्ता आली कीं, ठिकठिकाणचे कायदे पाहातां पातेंच नसलेला एक नमुना करण्याचा तिचा विचार चालू आहे. इतकीं हत्यारें मिळविल्यावर शेवटीं गळावयाचें तें पातें! मेल्व्हिल असता तर त्याला हसूं आवरलें नसतें.

मग घ्यावा कोणता? जो माणूस एकटा लांबच्या प्रवासास निघतो, ज्याच्या चष्म्याचा स्क्रू सैल होतो आणि ज्याच्या डब्यास झांकण फोडल्यावांचून तोंड नाहीं, त्यानें लाल चाकू घ्यावा. पण तोहि मूळच्या सहा हत्यारांच्या आसपासचा, पुढचा संसार नको. मात्र ह्या चाकूनें सलग अर्धा तास कांहीं कापून पाहावें. त्याची मूठ हत्यारांच्या सोयीची आहे, तळहाताच्या नव्हे. कडा बोचूं लागतात. ओपिनेलची गोल मूठ हातास भरते, आणि पातें इतकें पातळ कीं आंब्याची फोड कोयीपासून ओली-स्वच्छ सुटते. घरीं राहून पेन्सिल, आंबा आणि सुतळी कापणाऱ्या माणसास आठ क्रमांकाचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा ओपिनेल पुरून उरतो, असें माझें स्पष्ट मत आहे. कारभार पात्याचा आहे; तें पातें जो उत्तम करतो त्यास पहिला मान.

पण ह्या मतास आपल्या हवेनें एक मोठी फट पाडून ठेवली आहे. ओपिनेलचें जुन्या पद्धतीचें पोलाद धार फार सुरेख घेतें, परंतु आंबा, लिंबू, कोकम ह्यांच्या रसानें तें काळवंडतें आणि ओलें ठेवल्यास गंजतें. न गंजणाऱ्या पोलादाचा ओपिनेल मिळतो. तेवढ्यानें अर्धें दुखणें जातें. उरलेलें अर्धें लांकडाचें. पाणी प्यालेलें लांकूड फुगतें, खांच आवळते आणि पातें बाहेर येईना होतें. सॅव्हॉयच्या लोकांनीं ह्यावर एक युक्ति काढली आहे, आणि फ्रेंचांत तिला ‘सॅव्हॉयकराचा ठोका’ असेंच नांव आहे: मुठीचें बूड टेबलावर जोरानें आपटावयाचें, म्हणजे पात्याचें टोंक थोडें बाहेर डोकावतें आणि नखांत धरतां येतें. सॅव्हॉयच्या कोरड्या थंडींत हें ठीक आहे. रत्नागिरीच्या आषाढांत मात्र टेबलच आधीं मोडेल. पुण्यास राहाणाऱ्यानें मूठ वर्षांतून एकदोनदां जवसाच्या तेलानें पुसावी आणि चाकू ओला असतां मिटूं नये, इतकें पुरतें. घाटाखालीं राहाणाऱ्यानें ओपिनेल मृगापासून चार महिने कपाटांत ठेवून तेवढ्यापुरता लाल चाकू खिशांत घातला तर त्यास माझी हरकत नाहीं.